सवतीचा छाप

पूर्णा स्टेशनावर उतरून 'डोकी करणारी बाई' म्हणा, कुणीही माझं घर दाखवेल. मी शिवकन्या. मातीची डोकी करते, बायांची, खऱ्या डोक्याहून मोठी. नदीकाठची काळी माती भट्टीत तडकते, म्हणून तिच्यात जुन्या कौलांचा चुरा कुटून घालते. डोकं भाजून निघालं की चेहऱ्याला शाई लावायची, वर पातळ कागद ठेवून तळव्यानं दाबायचं आणि छाप घ्यायचा. आधी गाव म्हणालं, बाई चळली. पेपरात फोटो आल्यावर त्याच गावानं मला शाल पांघरली. त्या शालीनं मी भट्टी पुसते.

औंदा पुण्याच्या एका गॅलरीनं माझं प्रदर्शन ठरवलं. माझं एकटीचं! मधोमध माझं स्वतःचं डोकं आणि भिंतीवर मातीच्या एकाच सपाट पाटीचे दहा छाप. दहाही छाप सारखे हवेत, ही या धंद्याची अटच असते. एक वेगळा निघाला तर तो फाडायचा. आयुष्यभर ज्याच्यासाठी हात काळे केले ते आता समोर आलं होतं आणि मी ते कुणासाठी सोडणार नव्हते.

पाटीसाठी मी घरातला टाक वापरला. तिथंच आत्याबाईंचं आणि माझं वाजलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, म्हाळसाबाई. माझ्या नवऱ्याची, बजरंगची, पहिली बायको सगुणा काविळीनं गेली, मी दुसरेपणाची. आमच्याकडं दुसरीच्या गळ्यात सवतीचा टाक बांधतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली अंगठ्याएवढी बाई, हात जोडून उभी. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडाचा पहिला घासही तिलाच. लग्नाच्या दिवशीच मी सांगून टाकलं होतं, मेलेल्या बाईला गळ्यात घेऊन मी झोपणार नाही. तेव्हापासून टाक देवघरात पडून होता.

तो मी उचलला, ओल्या पाटीच्या मधोमध दाबला आणि पाटी भाजली. वरून शाईचा रोलर फिरवला की दबलेली जागा तेवढी कोरी राहायची. काळ्याभोर चौकोनात एकटी पांढरी बाई. झकास दिसत होती, खोटं कशाला बोलू? पहिल्या छापाखाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं सही केली आणि पुढच्याला लागले.

सकाळी दोरीवर वाळत घातलेले छाप ओळीनं बघितले. पहिल्यात बाई मधोमध होती. दुसऱ्यात जराशी उजवीकडं. तिसऱ्यात आणखी उजवीकडं, थोडी खाली.

कागद सरकला असेल म्हणावं तर काळा चौकोन सगळीकडं जागच्या जागी होता. मी पाटीवर बोट फिरवलं. खळगा मधोमध लागला. भाजलेली माती ती, हलणार कशी? नवी शाई घेतली, नवा कागद घेतला, आणखी एक छाप काढला. बाई पुढं सरकली होती आणि तिचे जोडलेले हात सुटले होते.

तेवढ्यात आत्याबाई चहा घेऊन शेडमध्ये आल्या. कप खाली ठेवायचं विसरून उभ्याच राहिल्या.

"ही सगुणा हाय."

"टाकावरची बाई हाय, आत्याबाई. सोनाराकडं ठसा एकच असतो. त्यात कुणाची बी बाई बसती."

"डावा पाय वढत चालायची ती. बघ की."

बाईच्या डाव्या पायामागं एक बारीक पांढरी रेघ होती. मला ती ओरखडा वाटली होती.

"बरं, मग कुठं जायलीय म्हणं तुमची सगुणा?" मी कुचेष्टेनं विचारलं.

आत्याबाईंनी कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं माझी सही होती.

"कवाच काही तिला आधी दाखवलं न्हाईस तू. गळ्यात घाल, पोरी. हळदकुंकू लाव आन म्हन, बाई, हे तुझं बी हाय. लय सोसलंय तिनं. गप ऱ्हाईल."

माझं डोकंच फिरलं. "लुगडं मागितलं असतं तर दिलं असतं, आत्याबाई. नवरा तर आधीच वाटून घेतलाय. पण हे तिचं न्हाई. ह्याच्यात तिचा एक कण न्हाई!"

बजरंग ड्युटीवरून आले. त्यांनी छाप बघितले, चहाला नको म्हणाले आणि सगळे कागद उलटे करून ठेवले.

"औंदा ऱ्हाऊ दे. तब्येत बरी न्हाई म्हून कळव."

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? तुमी भ्यालात का?"

मी सगळे कागद पुन्हा सुलटे केले.

राहिलेले छाप मी जिद्दीनं काढले. दर छापाला ती सहीच्या जवळ येत होती आणि दर छापाखाली मी जास्त ठसठशीत सही करत होते. नवव्यात ती काळ्याच्या अगदी काठावर उभी होती. दहावा निव्वळ काळा आला.

पाटीवर बोट फिरवलं. खळगा नव्हता. टाक बघितला. चांदी सपाट होती, झिजलेल्या नाण्यासारखी.

"गेली!" मी मोठ्यानं हसले. "टाप न्हाई तुझी माझ्या सहीवर पाय द्यायची!"

गॅलरीला फोन लावून सांगितलं, दहाही छाप वेगळे आलेत, लावायचे तर लावा. तिथल्या बाई म्हणाल्या, वा, पाठवा.

उरलं माझं डोकं. भट्टी पुरती निवल्यावर भर दुपारी उघडली. कुठं तडा नाही, काही नाही. कपाळावरची आठीसुद्धा माझीच. आत पोकळ असतं ते, वाफ निघून जायला नाकपुड्या मी उघड्याच ठेवते. चेहऱ्याला शाई लावली आणि कागद अंथरला.

कागद नाकपुड्यांपाशी फुगला. बसला. परत फुगला.

आत ऊब राहिली असेल म्हणून गालाला हात लावला. गार होता.

भ्याले मी, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त संताप आला. माझी माती, माझं तोंड, आणि ही आत बसून काय करायलीय?

"सगुणाबाई, हे न्हाई मिळायचं."

दोन्ही तळवे नाकातोंडावर ठेवून मी अंगाचा सगळा भार टाकला. कागद खालून ढकलत होता. मी दात-ओठ खाऊन दाबत राहिले. ढकलणं मंदावलं.

थांबलं.

छाप सुरेख आला. उजव्या कोपऱ्यात सही ठोकली. माझी.

कागद दोरीला लावताना लक्षात आलं, बराच वेळ मी श्वास घेतलेला नाही. तशीच उभी राहून वाट बघितली. घ्यावासा वाटेना.

अजून वाटलेला नाही. प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे आणि मी जाणार आहे.