कॅलेंडर उद्या बसवू

तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात कॉम्प्युटरचं खोकं होतं, आणि खोक्यातून म्याव म्याव ऐकू येत होतं.

"पलीकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आलो. हे नव्या मालात निघालं," तो म्हणाला. "आमच्या गोदामात मांजर व्याली असावी. याचा एक पाय… बघता का जरा?"

मी जनावरांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर मी आणि आई. पिल्लाच्या पंजात काच रुतली होती. मी चिमट्यानं ती काढत होते आणि तो पिल्लाचं डोकं तळहातावर घेऊन त्याच्याशी बोलत होता. "झालं हं, झालं… आता एवढंच…" आवाज असा मऊ, की पिल्लानं पाय ओढायचं सोडून दिलं.

तेवढ्यात टेबलावरचा माझा जुना कॉम्प्युटर घरघरला, कण्हला आणि गप्प झाला. मी सवयीनं त्याला एक चापट दिली. चालू झाला.

"अहो डॉक्टर, पेशंटला असं मारतात होय?"

"तो माझा पेशंट नाही."

"मग माझा समजा. लक्षण बरं दिसत नाही. आत काय काय आहे याच्या?"

सगळंच होतं. औषध कंपन्यांच्या आणि लॅबच्या ईमेल. लोकांचे नंबर. आणि कॅलेंडर… कुणाची लस कधी, कुणाचे टाके कधी काढायचे, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, हे सारं त्या त्या तारखेखाली टिपलेलं. माझा फोन नुसता बोलण्यापुरता, आणि कागद माझ्याकडे टिकत नाहीत, कुणीतरी खातंच. नवा कॉम्प्युटर कधीचाच घेऊन कोपऱ्यात ठेवला होता, पण जुन्यातलं नव्यात न्यायचं म्हणजे डोक्यावरून भरला हंडा न्यायचा. हिंदकळला तर?

"एक थेंब सांडणार नाही," तो म्हणाला. इतक्या शांतपणे, की मी हो म्हणून गेले.

सोमवारी तो वायरींची पिशवी घेऊन आला. मी आत एका बकरीच्या पोटदुखीत अडकलेली. बाहेर आले तेव्हा तो हात झटकत उभा होता. "ईमेल आल्या सगळ्या. नंबर उद्या. कॅलेंडर परवा बसवू. म्हातारं मशीन आहे, एकदम दमवायला नको."

मंगळवारी नंबर हलले. मी मांजरीचे कान साफ करत होते, तो पडद्यावरून वाचत होता.

"'चावरा पोपट' कोण हो?"

"समोरच्या वकीलबाई."

"वकीलबाई चावतात?"

"त्यांचा पोपट चावतो. माणसं नाही राहत माझ्या लक्षात, जनावरं राहतात."

"बरं… आणि 'लाडोबा'?"

"बोका. बेकरीवाल्यांचा."

"अच्छा, बोका. मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"काही नाही. एवढं लाडानं लिहिलंय, म्हणून विचारलं." तो झटकन पडद्याकडे वळला. पण कान लपत नाहीत ना… लालबुंद झाले होते.

संध्याकाळी आई म्हणाली, "या माणसाचा हात फार हळू चालतो गं. तुझ्या मामेभावानं त्याचं सगळं एका दुपारीत उरकलं होतं."

"नीट करतोय तो, आई."

"ते दिसतंच आहे. पिशवीतून एक वायर काढतो, तुझ्याकडे बघतो, तीच वायर परत पिशवीत ठेवतो."

मी हसले. पण कप विसळताना हात पाण्यातच राहिला. उद्या कॅलेंडर झालं की संपलं. मग कशाला येईल तो? पिल्लू बरं झालं, ईमेल आल्या, नंबर आले… वारं यावं, पडदा हलावा आणि वारं निघून जावं, तसंच की हे.

बुधवारी सकाळी मी जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काही नाही. चापट मारली. काही नाही. फक्त जळका वास.

आणि दारात पोस्टमनकाका, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला कवेत घेऊन. आज त्याचं ऑपरेशन. मागच्या खेपेला भुलीच्या औषधानं त्याचा श्वास अडकला होता. कुठलं औषध, किती दिलं, मी आजच्या तारखेखाली लिहून ठेवलं होतं. दोन नावं डोक्यात फिरत होती. त्यातलं एक त्याला सोसणारं होतं, एक नव्हतं.

"घाई नाही पोरी," काका म्हणाले. "पण रात्रभर कण्हतोय गं. पुढे ढकलू नकोस म्हणजे झालं."

मी त्याला फोन लावला. तो धापा टाकत आला. जुन्या कॉम्प्युटरकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्या टेबलाचा खालचा खण ओढला, मागून एक छोटी हार्ड डिस्क काढली, नव्या कॉम्प्युटरला लावली… आणि माझं कॅलेंडर पडद्यावर उभं राहिलं. आजची तारीख. कुत्रा. खाली औषधाचं नाव.

दोन्हींतल्या ज्या नावाकडे माझं मन झुकत होतं, तेच नेमकं त्याला सोसत नव्हतं.

"हे खणात कधीपासून आहे?" मी विचारलं.

"सोमवारपासून." तो खाली बघत होता. "आल्या आल्या सगळ्याची कॉपी काढली होती. तुमचं बाहेर नेलं नाही, इथेच ठेवलं. त्याला धक्का लागणार नव्हता, डॉक्टर."

"मग बसवलं का नाही?"

तो डिस्कची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला. काका एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

"बसवलं असतं," तो म्हणाला, "तर आज… काय सांगून आलो असतो?"

राग आला, खरंच आला. मघाची भीती अजून गेली नव्हती. पण कुत्रा कण्हला, आणि मी हातमोजे चढवले.

"काकांजवळ बसा," एवढंच म्हणाले आणि दार लोटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. श्वास एकसारखा, दळणाच्या लयीत चालला होता. काकांना आत बोलावलं. त्यांनी कुत्र्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि शेपटीचं टोक जरासं हललं.

मी बाहेर आले. तो उठून उभा राहिला.

"तपासून बघा. आता काही राहिलं नाही माझ्याकडे."

मी मुद्दाम सावकाश तपासलं. सगळं जागच्या जागी होतं.

"मला तुमच्यावर रागवायचंय," मी म्हणाले. "घाबरले होते मी."

"कळलं मला. तुमचा आवाज ऐकला ना फोनवर… तेव्हाच वाटलं, आपण गाढव आहोत."

"गाढवं माझी पेशंट असतात. त्यांना नावं ठेवू नका."

तो हसायला गेला, पण धीर झाला नाही.

"आत्ता जमणार नाही. बाहेर चारजण ताटकळलेत," मी म्हणाले. "संध्याकाळी या."

"रागावून घ्यायला?"

"हो. सवडीनं रागवीन म्हणते. आई चहा करेल, मी रागवीन."

"एका संध्याकाळीत होईल?"

"माझाही हात हळूच चालतो."

आता मात्र तो हसला. पिशवी उचलून दारापर्यंत गेला, आणि उंबऱ्याशी घुटमळला.

"संध्याकाळी काय घेऊन येऊ? एखादी वायर… जुन्याची डिस्क काढायचा स्क्रूड्रायव्हर?"

"काही नको," मी म्हणाले. "नुसते या."