पाण्याच्या रांगेतली उमसुनाईमावशी

ही घटना खरी आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझा काही हट्ट नाही. मला ती खुद्द बुरुलने सांगितली, आणि बुरुल थापा मारणाऱ्यातली नाही. आयुष्यात एकदाच ती सतरा दिवस खोटं बोलली. त्याचीच ही गोष्ट.

साल २०१८. डिसेंबरची चार तारीख, मंगळवार. गाव चीनमधलं लान्झोउ.

बुरुल आणि सायकाल मावसबहिणी. दोघी किरगिझस्तानातल्या नारिनच्या. शिष्यवृत्तीवर लान्झोउला शिकत होत्या आणि वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत राहत होत्या. बुरुल दोन वर्षांनी मोठी. तिची आई ती तान्ही असतानाच वारली. सायकालच्या आईने, उमसुनाईमावशीने, दोघींना एकत्रच वाढवलं. कधी दुजाभाव केला नाही.

दुपारी दोनला बुरुलचा फोन वाजला. नारिनहून तुर्गुनबेकमामा.

"पोरी, सायकाल जवळ आहे का?"

"नाही, वर्गात आहे. का हो मामा?"

मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं...

"उमसुनाई गेली. सकाळी चहा ओतता ओतता पडली. परत उठलीच नाही."

बुरुल हुंदके द्यायला लागली तसा मामा ओरडला.

"रडू नकोस! डोळे सुजले की ती ओळखेल. तिला एक अक्षर सांगायचं नाही. एकवीस तारखेला परीक्षा संपते ना? त्या संध्याकाळी तिथले आपले जुमाकादिरकाका येतील आणि रीतीने सांगतील."

"मामा, आई आहे हो तिची!"

"आणि माझी बहीण नव्हती? अशी बातमी फोनवर देतात का आपल्यात? मोठी माणसं समोर बसून देतात. परीक्षा बुडाली तर शिष्यवृत्ती गेली. उमसुनाईला ते चाललं असतं का? शपथ आहे तुला माझी."

बुरुलने शपथ घेतली. तोंड धुतलं. काय सांगायचं तेही ठरवलं. मावशीला तपासायला राजधानीत, बिश्केकला नेलंय, आणि फोन घरीच राहिलाय.

वसतिगृहामागे उकळत्या पाण्याची खोली होती. सकाळी वर्गाला जाताना मुली आपापले रिकामे थर्मास तिथे भिंतीशी रांगेने ठेवायच्या. साडेचारला नळ सुरू झाले की भरून न्यायच्या. त्या दिवशी सायकाल थर्मास घेऊन पाचला वर आली.

चेहरा पांढराफटक.

"बुरुलताई..."

"काय गं?"

"आईचा फोन आला होता का तुला?"

बुरुलने ठरवलेलं सगळं घडाघडा सांगून टाकलं. बिश्केक, तपासणी, घरी राहिलेला फोन. सायकाल तिच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

"बरं," एवढंच म्हणाली आणि पुस्तक घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पाचला तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही तोच. त्या दिवशी, गुरुवारी, तिकडे मावशीची माती झाली. बुरुल न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बाहेर आली तर सायकाल दाराशीच उभी होती.

"आईचा फोन?"

"नाही गं बाई! रोज काय तेच तेच?"

आपणच आपल्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं.

आठवडा झाला. मग एके दुपारी वसतिगृहाच्या देखरेखीच्या माकाकूंनी बुरुलला जिन्यातच अडवलं. माकाकू म्हणजे तोंडाचा पट्टा, पण मनाने चांगल्या.

"काय गं उंटिणी, तुमच्या घरची बाई कधी जायची परत? पाहुण्याचं नाव वहीत लिहायचं असतं, ठाऊक आहे ना? वरून ओरडा मला बसतो!"

"कोण बाई?"

"आता वेड पांघर! ती डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली. रोज चारला येते. तुझ्या धाकटीचा थर्मास बरोबर उचलते, भरते, परत ठेवते. दोनदा हटकलं मी. बघतसुद्धा नाही माझ्याकडे, शिष्ट कुठली!"

"काकू... चारला नळ बंद असतात."

"तेच तर म्हणते मी! कुठून भरते कोण जाणे. बरं, पायाने अधू बिचारी. डावा पाय ओढत चालते, म्हणून मी जास्त बोलले नाही."

बुरुलने कठडा घट्ट धरला.

मावशी तरुणपणी घोड्यावरून पडली होती. तेव्हापासून तिचा डावा पाय...

बुरुल धावत मागे गेली. खोलीत कुणी नव्हतं. नळ कोरडे होते. रांगेतले सगळे थर्मास गार आणि रिकामे.

सायकालचा मात्र भरलेला होता. बूच काढलं तर वाफ आली.

त्या संध्याकाळी बुरुलचा धीर सुटला. म्हटलं, खड्ड्यात गेली शपथ.

"सायकाल, ऐक ना..."

सायकालने हातातलं पुस्तक लगेच मिटलं. जवळ येऊन बसली. बुरुलचा हात हातात घेतला, आणि श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिली.

मामा आठवला. परीक्षा आठवली.

"...जेवायला काय आणू?"

सायकालचा हात हळूच सुटला.

"काहीही आण," ती म्हणाली.

एकवीस तारीख उजाडली. शेवटचा पेपर झाला. सहा वाजता जुमाकादिरकाका आणि त्यांची बायको आले. त्यांचा लान्झोउतच कापडाचा धंदा होता. काकांच्या बायकोने सायकालला जवळ बसवलं आणि खांद्यावर हात टाकला. काकांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला. आणि सांगितलं.

सायकालने टाहो फोडला. सगळा मजला दारात गोळा झाला. आई, आई करत ती तासभर रडत होती. मग डोळे पुसून शांत झाली. बुरुल तिला मिठीत घ्यायला पुढे झाली तर तिने हात आडवा धरला.

"मला माहीत होतं ताई."

"काय?"

"पहिल्याच दिवशी. पाण्याच्या खोलीत उभी होती आई. माझा थर्मास घेऊन. बोलली नाही. पण ती इथे कशी येईल? तेव्हाच कळलं मला..."

सायकालने पुन्हा डोळे पुसले.

"कुणी तोंडाने सांगितल्याशिवाय मी रडायचं कसं? आपल्यात तसं रडतात का? म्हणून तुला विचारत होते. रोज विचारत होते. मंगळवारी सांगितलं असतंस तर उरुमचीमार्गे बिश्केकला विमान होतं. गुरुवारी माती होती ना? तोंड बघायला मिळालं असतं मला."



दुसऱ्या दिवशी सकाळी सायकाल नारिनला गेली. ती परत आली ती दुसऱ्या खोलीत राहायला. आज इतकी वर्षं झाली, दोघींत शब्द नाही.

सायकाल गेली त्याच दिवशी, बावीस तारखेला, दुपारी चारला बुरुल एकटीच पाण्याच्या खोलीत गेली होती. सुट्टी लागली होती, भिंतीशी एकही थर्मास नव्हता. आत मात्र कुणीतरी होतं...

पांढरा रुमाल. पाठमोरी.

"मावशी!"

ती थांबली. बुरुल म्हणते, नक्की थांबली.

"मावशी, मी बुरुल. चुकलं गं माझं..."

ती वळली नाही. पाय ओढत भिंतीच्या कडेला गेली. बुरुल पोचेपर्यंत तिथे नुसती ओली फरशी होती.

हे सांगताना बुरुल रडत होती. मी विचारलं, "भीती वाटते का अजून?"

"वाटते," ती म्हणाली. "पण ती येईल म्हणून नाही हो. ती रागावलीये का माझ्यावर, हे मी आता कुणाला विचारू?"