छतावर तुझं काय काम?

टिलीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते उलटं! ओल्या केसांना टॉवेल, हातात मक्याचं कणीस... आणि गाडीच्या छतातल्या झरोक्यातून खाली लोंबणारा एक चेहरा. पिंगट केस, नाकावर काळा डाग.

"चित्र आलं का?" चेहऱ्यानं विचारलं.

टिली अशी किंचाळली की कणीस थेट आजोबांच्या चपलेत!

"कोण रे तू?"

"एमेट. कॅम्पवरच्या तारा बघतो. तुझ्या आजोबांनी बोलावलंय."

आजोबा दर उन्हाळ्यात आपलं चाकांवरचं घर घेऊन मिनेसोटातल्या या तळ्याकाठी यायचे. यंदा टिलीही आली होती. तळं झकास, हवा झकास, पण टीव्हीवर नुसत्या मुंग्या! आणि आजोबांना एक वेळ जेवण नसलं तरी चालेल, बेसबॉल हवा म्हणजे हवाच.

"मुंग्याच आहेत," टिली म्हणाली.

"काळ्या की पांढऱ्या?"

"अजून ओळख नाही झाली."

झरोका खळखळून हसला. टिली त्याच्याकडे बघतच राहिली... आणि कणीस चपलेतच राहिलं.

त्याच संध्याकाळी तिला टीव्हीमागे एक बारकं बटण सापडलं. वर लाल दिवा. बटण दाबलं, दिवा विझला, आणि चित्र कसं लख्ख! पुन्हा दाबलं, मुंग्या. टिलीला लगेच उमगलं. दिवा पेटला असला की टीव्ही छतावरच्या अँटेनाचं ऐकतो, आणि या दाट झाडीत अँटेनाला काय डोंबल मिळणार! दिवा विझवला की कॅम्पच्या खांबावरून आलेली तार चालू.

शहाण्या मुलीनं आजोबांना हाक मारली असती. टिलीनं इकडेतिकडे बघितलं... आणि दिवा पेटवून ठेवला.

एमेट दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही.

"अँटेना फिरवतोय. आता?"

"मुंग्या."

"आता?"

"त्याच. एकीचं नाव एमेट ठेवलंय मी."

"का गं?"

"कामाची काही नाही, पण जातही नाही!"

चौथ्या दिवशी एमेट छतावर असतानाच आजोबा उखडले. "बस्स झालं! तार काढतो खांबाची. निघायचं आत्ताच, दुसऱ्या कॅम्पवर!"

टिलीचा हात बटणाकडे गेला... आणि थांबला. टीव्ही सुरू केला तर एमेट कशाला येईल? आणि नाही केला तर... आपणच जाणार! तिनं खिडकीतून पाहिलं. आजोबा खांबापाशी वाकले होते. तार तिथून निघून सरळ गाडीच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर आत शिरत होती.

गुडघ्याएवढ्या! टिली थबकली. मग झरोक्याखाली गेली.

"एमेट... तार तर खाली आहे. चार दिवस छतावर तुझं काय काम?"

छतावर पाय घासल्याचा आवाज आला.

"झरोका इथंच आहे ना... तू दिसतेस त्यातून," हळूच उत्तर आलं.

"म्हणजे तुला बटण माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी दिवा दिसला होता. म्हटलं, उद्या सांगू... तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"लबाड!"

"तू महालबाड!"

"सुटत कशी नाही ही!" बाहेर आजोबा तारेशी झटत होते. टिलीनं डोळे मिटले आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवंगार मैदान उमटलं.

"आजोबा, राहू दे ती तार! टीव्ही ठीक आहे. बटण मीच दाबून ठेवलं होतं... तो रोज यावा म्हणून!"

आजोबा दारात आले. पडद्याकडे बघितलं, टिलीकडे बघितलं, मग वर.

"मॅच सुरू झालीय," ते खुर्चीत बसले. "तुमचं काय असेल ते बाहेर! पडद्यासमोरून हल आधी."

"खाली येऊ?" एमेटनं विचारलं.

"नको. मीच येते."

ती मागच्या शिडीनं भराभरा चढली. छत तापलेलं, देवदाराचा वास, आणि तो... कान लालबुंद झालेला.

"पाय आपटू नका रे!" खालून आजोबा ओरडले.

दोघं हळूच शेजारी टेकले. तिचा हात त्याच्या हाताला लागला, आणि कुणीच काढून घेतला नाही.

"उद्या काहीच बिघडलेलं नसेल," टिली म्हणाली. "तरी येशील?"

"येईन ना," एमेट म्हणाला. "दारातून."