चार वीत

जिन्यात ठेवलेल्या माझ्या कांद्यांच्या टोपलीला एका माणसाची लाथ बसली, तिथून हे सगळं सुरू झालं.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधली आमची बिल्डिंग. लिफ्ट बंद. तो डोक्यावर फळ्या घेऊन शेजाऱ्यांचं दार बसवायला चढत होता. कांदे टपाटप उड्या मारत खालच्या मजल्यावर.

"कांदे जिन्यात ठेवतात का कोणी?"

"घरात येऊन बघा, जागा आहे का! आणि डोक्यावर लाकूड घेतलं की डोळे मिटून चालायचं असतं?"

तो हसला. फळ्या भिंतीला टेकवून त्यानं एकेक कांदा वेचून आणला. शेवटचा हातात देताना जरा... जास्तच वेळ लावला. नाव लॉयड. तारोडी गावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्यांची दुरुस्ती, हा सुतारकामही करतो.

"ओट्याखाली बसेल अशी लाकडी पेटी देतो करून. कांदे एकीकडे, बटाटे दुसरीकडे, पुढं वाऱ्याला फटी. जागा किती वीत आहे ते कळवा."

"वीत? टेप नाही तुमच्याकडे?"

"आमच्यात होडी पण वितीनं मोजतात. एक पण बुडाली न्हाय अजून."

मी ओट्याखाली हात पसरून मोजलं, मेसेज टाकला – लांबी चार वीत. मग मेसेज थांबेचनात. फळीचा फोटो, रंध्याखालून निघालेल्या सालपटांचा फोटो, 'जेवलीस का?' तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. वेडी!

पेटी आली तेव्हा मी कामावर होते. घरी येऊन बघते तर... जुन्या होडीचं सागवान, तेल पाजलेलं, कडा घासून गालासारख्या मऊ. आणि ओट्याखालून चांगली वीतभर बाहेर!

"यात कांदे ठेवायचेत, का मी झोपू?" आई म्हणाली.

रविवारी पेटी रिक्षात घातली आणि निघाले तारोडीला. भांडायला. निदान मी स्वतःला तसंच सांगत होते. मग नवा ड्रेस कशाला घातला होता, ते विचारू नका.

रिक्षावाल्यानं पेटी अंगणात उतरवली. समोर लॉयड बसलेला. त्याच्यासमोर एक मुलगी, तिचा पंजा फळीवर पसरलेला. आणि हा... एका हातानं तिचं मनगट धरून, दुसऱ्या हातानं तिच्या करंगळीशी पेन्सिलीची खूण करतोय!

"गुदगुल्या होतात रे!" ती खिदळत होती.

प्रेमात जळू नये म्हणे. ज्यांनी हे सांगितलं, ते कधी प्रेमात पडलेलेच नसणार.

"ही कोण हाय?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाईक हाय," लॉयड चाचरला. "संध्या, ही क्रिस्टल. बाजूला राहते. तिला पण पेटी पायजे."

गिऱ्हाईक! रोज रात्री 'जेवलीस का' विचारायचं, ते गिऱ्हाइकाला?

"तुझी पेटी बसत नाही," मी ओरडले. "कोणाच्या वितीनं मोजलीस?"

त्यानं स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. फावड्याएवढा पंजा. मग माझ्या हाताकडे. चेहरा उतरला त्याचा.

"माझ्याच..."

"आणि हिचं माप हात धरून! माझं मात्र फोनवर. का? माझ्या हाताला काटे आहेत?"

"त्याला हिंमत लागते, संध्या." तो खाली बघत, पुटपुटल्यासारखा म्हणाला. "तुझा हात धरायला... नव्हती. क्रिस्टलचा धरायला न्हाय लागत."

"म्हंजे माझा हात काय, फळी हाय?" क्रिस्टल ताडकन उठली. डोळे भरलेले होते तिचे. मला दिसले, आणि वाईट नाही वाटलं. खोटं कशाला बोलू? "टेप आणून मोज आता माझी पेटी!" म्हणत ती निघून गेली.

अंगणात सुक्या बोंबलांचा वास, खारा वारा. मी पेटीवर हात पसरला.

"घे माप."

त्यानं मनगट धरलं. एक वीत, दोन... चौथ्या वितीपाशी मारलेली खूण साफ वाकडी गेली. होड्या जोडणाऱ्याची!

"इथं कापतो," तो करवत घेत म्हणाला. "तासाभरात घेऊन जा."

मी त्याच्या स्वयंपाकघरात डोकावले. उंच, जुना ओटा. खाली ऐसपैस जागा. पेटीचं एक टोक मी धरलं, काही न कळून दुसरं त्यानं. आत नेली, ढकलली. अशी बसली... जणू तिथलंच माप घेतलं होतं.

"कापू नकोस. इथंच राहू दे."

"आणि तुझे कांदे?"

"जिन्यात ठेवीन," मी म्हटलं. "तोवर."

"तोवर... म्हंजे कधीवर?"

"ते तू येऊन माझ्या आईला सांग. आणि चढताना बघून चढ."