उरलेली मिळकत

वकीलबाईंकडे मृत्युपत्र करायला येणारी माणसं दोन प्रकारची. एक, आपणही कधीतरी जाणार हे पटलेली. दुसरी, बायकोने ढकलत आणलेली. दोघांनाही बाई तेच धडे द्यायच्या. काय काय आहे त्याची यादी करा. कुणाला काय, ते नावानिशी लिहा. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. आणि यादीत जे राहून गेलं ते कुणाचं, हे लिहायला विसरू नका. "भांडणं बंगल्यावरून होत नाहीत हो," त्या म्हणायच्या, "राहून गेलेल्या कपाटावरून होतात." वीस वर्षांत त्यांचं एकही मृत्युपत्र कोर्टात पडलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

फर्निचरच्या कारखान्याच्या मालकाचं बोलावणं आलं, तेव्हा त्या अर्ध्या तासाचं काम धरून निघाल्या. या मालकाला सगळे मिस्त्री म्हणायचे. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, उजवं अंग पार गेलेलं. चादरीवर उजवा हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. एवढा मोठा पंजा बाईंनी आजवर पाहिला नव्हता. खोलीत सरसाचा आणि औषधांचा वास होता, आणि भिंतीचा गिलावा एका जागी, बरोबर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आत गेलेला.

मिस्त्रीला तीन मुलं. थोरल्याचं नाक वाकडं होतं. मधल्याला एका कानाने ऐकू येत नसे. धाकटी मुलगी बापाचं सगळं करायची. भरवायची, पुसायची, कूस बदलायची. बाईंपुढे चहाचा कप ठेवताना तिची बाही वर सरकली आणि दंडावर पाच बोटं दिसली. जांभळी, ताजी.

बाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "कुणी मारलं?"

"बाबांनी."

"अगं, त्यांचा हात तर..."

"हात गेला, मॅडम," धाकटी कप विसळत म्हणाली. "मार चालूच आहे."

बाईंनी मनातल्या मनात थोरल्याला आरोपी ठरवून टाकलं. बाप आडवा पडला की अशा घरात मुलगा हात उचलायला लागतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. याचं नंतर बघू म्हणून त्या कागदाकडे वळल्या.

कारखाना थोरल्याला. घर मधल्याला. आईचे दागिने धाकटीला.

"आणि उरलेलं?" बाईंनी विचारलं.

"उरलं काय आता?" मिस्त्रीचे शब्द लाळेतून यायचे.

"असतंच हो. यादीत न आलेलं काहीतरी निघतंच मागाहून. एक नाव सांगून ठेवा."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नजर वळवली. "सगळं देता येतं? खरंच?"

"जे जे तुमचं, ते सगळं."

दारात उभे असलेले दोघे भाऊ एकदम मागे सरकले. मिस्त्रीने मान वळवली.

"हिला," तो म्हणाला. "हिला सवय आहे."

"बाबा, नको ना," धाकटी म्हणाली. लेकीचा संकोच, असं समजून बाईंनी लिहिलं. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक म्हणून स्वतःचं नाव घातलं, आणि नेहमीचं कलमही: कुणी हिस्सा नाकारला, तर दुसरा घेणारा मिळेपर्यंत तो व्यवस्थापकाच्या ताब्यात राहील. डाव्या अंगठ्याचा ठसा झाला, डॉक्टरांची आणि शेजाऱ्यांची सही झाली. काम चोख.

मिस्त्री आठवड्याभरात गेला.

महिन्याने भर दुपारी धाकटी ऑफिसात आली. एक डोळा मिटलेला, ओठाला चार टाके.

"थोरल्यानेच ना?" बाई उसळून म्हणाल्या. "चल पोलिसांत. आत्ताच्या आत्ता."

"दोघेही घर सोडून गेलेत. मी एकटी असते, आतून कडी लावून." ती खुर्चीच्या टोकावर बसली. "बाबा होते तेव्हा ते झोपले की थांबायचं. आता थांबतच नाही. मॅडम, तुम्ही लिहिलंत ना ते? तुम्हीच काढा. मला नकोय ते. नाहीतर मी या महिन्यात मरेन."

पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं बाईंना वाटलं. बिचारी, होणारच. ओळखीच्या डॉक्टरांना लावावा म्हणून त्यांनी फोन उचलला.

सण्णकन आवाज झाला.

धाकटीचं डोकं गर्रकन फिरलं. ओठाचे टाके उसवले आणि टेबलावर, फायलींच्या मधोमध, एक दात येऊन पडला. दार बंद होतं. खोलीत दोघींशिवाय कुणीही नव्हतं.

दुसऱ्या फटक्याने ती खुर्चीसकट भिंतीवर गेली. ओरडली नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, गुडघे पोटाशी ओढून, सराईतासारखी पडून राहिली.

बाई धावल्या आणि तिच्यावर आडव्या पडल्या. त्यांच्या अंगाला काहीही लागलं नाही. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही.

त्यांच्या खाली पोरीची बरगडी मोडली. तो आवाज त्यांनी स्वतःच्या छातीत ऐकला.

"लिहा!" धाकटी किंचाळली.

बाईंनी कागद ओढला. स्वतःच भराभर लिहिलं.

मला उरलेल्या मिळकतीतलं काहीही नको.

"सही कर! कर गं!"

रक्ताने भरलेल्या बोटांनी तिने सही केली.

थांबलं.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं, ते ऐकू यायला लागलं. धाकटी भिंतीला टेकून उठून बसली आणि हमसून हमसून रडली. मग तिने बाईंकडे पाहिलं.

"ते आम्हालाही नको, असं भावांनी परवाच लिहून दिलंय, मॅडम. मग आता ते कुणाचं?"

बाईंना कलम तोंडपाठ होतं; त्यातला व्यवस्थापक कोण, तेही. "कुणाचंच नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

घरी पोचल्या तेव्हा सहा वाजले होते. त्यांची आठ वर्षांची लेक टेबलाशी चित्र रंगवत बसली होती. या घरात पोरीला कुणी कधी साधी टपलीही मारली नव्हती. बाई दारातच थबकल्या, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून.

"आई, ये ना, हे बघ!"

त्या जवळ गेल्या. हात न सोडता चित्रावर वाकल्या.

पोरीने हसता हसता मान वर केली आणि चटकन कोपर तोंडावर आडवं घेतलं.

"काय झालं गं, राणी?"

पोरगी आईकडे बघत नव्हती. आईच्या खांद्यावरून मागे, जरा वर बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्यांना सांग ना, मी काहीच केलं नाहीये."