शाईचा रकाना

शिक्षणात परिवर्तन घडवायचं तर आधी समाजाची दृष्टी बदलावी लागते, असं सगळी थोर माणसं सांगून गेली आहेत. सातवी ‘ब’मध्ये मात्र आधी जमिनीत ठोकलेल्या बाकांचे नट काढावे लागणार होते, आणि अख्ख्या शाळेत पाना नव्हता.

विज्ञानाच्या बाई पाना शोधत शिक्षकांच्या खोलीत आल्या. बाईंचं वय सत्तावीस, शाळेत येऊन चार महिने. खोलीत एकच माणूस चादरीएवढ्या कागदावर ओणवा होऊन काहीतरी खोडत होता. गणिताचे सर. शाळेचं वेळापत्रक सहा वर्षं तेच करत, म्हणून मुलं त्यांना ‘रकाने सर’ म्हणत. कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाची सुतासारखी धार चालूच होती. ती इतकी जुनी होती की आता कुणाला दिसतही नसे.

“सर, पाना आहे का?”

“कितीचा?” मान वर न करता सरांनी विचारलं.

बाईंना प्रश्नच आवडला. या शाळेत काहीही मागितलं की ‘कशाला?’ ऐकू येई. ‘कितीचा’ म्हणणारा हा पहिलाच माणूस.

“बाकाच्या पायाला बसेल असा.”

“म्हणजे तेराचा. स्कूटरच्या डिकीत आहे.” मग मान वर झाली… आणि जरा जास्तच वेळ वर राहिली. “पण बाक काढताय कशाला?”

“आलंच का ते ‘कशाला’!” बाई हसल्या. “मुलं एकमेकांसमोर बसवायचीत. एक प्रश्न, पाच-सहा डोकी, आणि सलग दोन तास. मध्ये घंटा नाही.”

“सलग दोन?” जणू बाईंनी पाना नव्हे, स्कूटरच मागितली होती. “शक्य नाही. बुधवारचा चौथा-पाचवा जोडला, तर चित्रकलेच्या सरांना शुक्रवारी जेवता येत नाही.”

“हे काय आणि!”

“एक रकाना हलवला की बावीस हलतात, बाई.”

“मग हलवा की. पेन्सिलीनंच तर लिहिलंय.”

“मी सगळं पेन्सिलीनंच लिहितो. सहा वर्षांत शाईनं एक अक्षर नाही. माणसं आजारी पडतात, सोडून जातात… भरवसा कशाचा द्यायचा?”

बाई पाना घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. पाना न घेता. तिसऱ्या दिवशीही आल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना तीनच आठवडे दिले होते. “मग शाळा समितीचे अध्यक्ष येतील. त्यांना पटलं नाही, तर बाक परत जमिनीत आणि तुम्ही परत पुस्तकात.”

घरी आत्यानं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे त्या रकानेवाल्याशी तू रोज भांडतेस?”

“रोज.”

“मग ठीक आहे. एखाद दिवस खाडा झाला की सांग, काळजी करीन.”

चौथ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा सरांनी खोडरबराचा चुरा फुंकरीनं उडवला. “एक वाट आहे. चौथा तास तुमचा, पाचवा माझा. माझा तुम्ही घ्या. चित्रकलेचे सरही जेवतील.”

“खरंच?”

“पण…” सरांचे कान लाल झाले. “तासाबरोबर मलाही घ्यावं लागेल. सुटा रकाना देत नाही आम्ही.”

“वापरून बघते,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “सर चालले नाहीत, तर परत घ्याल ना?”

पहिल्या बुधवारी घंटामामांचा हात सवयीनं उठला, घंटा झाली आणि प्रश्न अर्धवट टाकून अख्खी सातवी ‘ब’ दाराबाहेर. शेजारच्या वर्गातून “बाजार भरलाय नुसता!” असा शेरा आला. बाई पडलेल्या बाकावर बसून राहिल्या. दोन मिनिटं. मग उठून त्यांनी बाक सरळ केला. “पुढच्या बुधवारी परत.”

पुढच्या बुधवारी घंटा झाली नाही. सरांनी मामांसाठी वेगळं वेळापत्रक केलं होतं. त्यात एकच रकाना : चौथा तास संपताना, ‘चहा’.

मुलांचा प्रश्न मुलांनीच काढला होता : शाळेच्या टाकीतलं पाणी दुपारीच का संपतं? सातवी ‘ब’ पेले आणि घड्याळ घेऊन शाळाभर नळ मोजत फिरली. बाई पाण्याचा दाब समजावत, सर गुणाकार. एकदा दोघांनी एकाच वेळी खडूला हात घातला. खडू मोडला. वर्ग एकदम शांत झाला, इतका शांत तो परीक्षेतही नसे.

तिसऱ्या शनिवारी अध्यक्ष आले. पहिल्या बाकावर कोण बसतं, असं त्यांनी विचारलं आणि पहिला बाक कुठला तेच सापडेना. शेवटी एका मुलीला म्हणाले, “प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या सांग.”

“ती पान बेचाळीसवर आहे,” मुलगी म्हणाली. “आमचा प्रश्न टाकीचा आहे. दाखवू?”

मुलगी अध्यक्षांना थेट शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेली आणि बेसिनपाशी थांबली. “या धारेनं मिनिटाला एक पेला भरतो, दोनशे मिलिलिटरचा. दिवसरात्र मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी लिटर. आम्हाला दुपारी कमी पडतं ते दोनशे ऐंशी. वरचे आठ अजून जुळत नाहीत. पण सर म्हणाले, जुळत नाही तेही सांगायचं.”

अध्यक्षांनी नळ घट्ट पिळला. धार तशीच. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. “वर्षभर चालू ठेवा,” ते म्हणाले. आणि गैरसमज नको म्हणून, “प्रयोग. नळ नव्हे.”

शाळा सुटल्यावर सरांनी वर्षाचं नवं वेळापत्रक बाईंसमोर पसरलं. बाईंचं बोट सोमवारवरून शनिवारपर्यंत गेलं… आणि परत आलं. सहाही दिवस तिसऱ्या तासाला दोन माणसं मोकळी होती. तीच दोन. बाकी सगळं पेन्सिलीत, आणि हे सहा रकाने निळ्या शाईत.

“सर, हे खोडता येणार नाही.”

“खोडायचं नाहीये.” सरांनी पेनाला टोपण लावलं. “तुमची हरकत असेल तर… सगळा कागद नवा करीन. पण हे पेन्सिलीनं लिहिणार नाही.”

बाईंचं बोट शनिवारच्या पुढच्या कोऱ्या कडेवर थांबलं.

“रविवार कुठाय?”

“रविवारी शाळा नसते.”

“म्हणून काय झालं? काढा रकाना,” बाई म्हणाल्या. “शाईनंच.”

सरांनी पट्टी घेतली. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांची रेघ वाकडी आली. दोघांनी ती पाहिली. मग बाईंनी कोपऱ्यातल्या धारेकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

“आणि तेवढा पाना द्या हो. कितीचा, ते तुम्हीच बघा.”