मुक्या व्हिडिओतलं बोलणं

चुकीच्या दुकानात शिरून तिने कॅमेऱ्याचा स्टँडसुद्धा उभा केला होता. जायचं होतं शेजारच्या चष्मेवाल्यांकडे, आणि बाई शिरल्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे. वर तिथल्या तरुणाला हुकूमही सोडला, "खुर्ची जरा डावीकडे घ्या, उजेड अडतोय." त्याने मुकाट्याने खुर्ची सरकवली, मांडीवरचं व्हायोलिन सावरलं आणि अगदी अदबीने विचारलं, "आता बरोबर आहे? ...बरं, आपण कोण?"

ती कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. आपण वेबसाइट बनवतो, पानामागे हळूहळू हलणारा व्हिडिओ लावतो आणि चष्म्याचं दुकान शोधतोय, हे सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

"त्यांची एवढी मोठी पाटी दिसली नाही म्हणजे तुम्हाला त्यांची फारच गरज आहे," तो म्हणाला.

गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या आत्याबाई खुदकन हसल्या. आलीच आहेस तर आमचीही वेबसाइट करून दे, म्हणाल्या. अशी ती त्या दुकानात येऊ लागली.

दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत यायचं, टांगलेल्या व्हायोलिनांच्या पाठीवर सरकत राहायचं. लाकडाच्या भुशाचा, रोगणाचा वास... मधूनच त्याने सहज छेडलेली एखादी तार. तिथे बसलं की तिला वेळेचं भान राहायचं नाही. निघताना काहीतरी विचारायचं हमखास राहून जायचं, आणि ते विचारायला दुसऱ्या दिवशी यावंच लागायचं.

तो भांडायचाही गोड. व्हिडिओला आवाज नसणार हे कळल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं.

"वाद्यांचं दुकान, आणि व्हिडिओ मुका?"

"पान उघडल्या उघडल्या कुणी कानात ओरडलं तर तुम्ही थांबाल का?"

"ओरडणारं कोण आहे त्यावर ठरेल."

ती हसली आणि मग त्याला समजावत बसली. हा व्हिडिओ मागे राहायला हवा, पुढे पुढे करायला नको. छोटासा हवा, संथ हवा, वजनाला हलका हवा. नाहीतर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. आणि संपतो तिथूनच तो पुन्हा सुरू व्हायला हवा, मधला सांधा कुणाला दिसता कामा नये. हे शेवटचं मात्र त्याला लगेच पटलं, कारण लाकडातले सांधे लपवणं हेच त्याचं काम होतं.

आधी तिने त्याचा हसरा चेहरा टिपला होता. त्याच्यावर लिहिलेला दुकानाचा पत्ता वाचता येत नाही, असं कारण सांगून तिने तो बाद केला. खरं कारण असं की चेहरा पडद्यावर आला की तिचं काम जागच्या जागी थांबायचं. मग ठरलं, फक्त हात घ्यायचे. पण ती बघायला लागली की ते हात लाकडासारखे ताठ व्हायचे.

"मी कॅमेरा चालू करून बाहेर थांबते," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही काम करता करता बोलत बसा. काहीही बोला. बोलताना हात सैल राहतात."

काचेच्या दाराआडून तिला त्याची पाठच दिसत होती. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. ती आत आली तेव्हा तो तार पुसत खाली बघत होता. "घरी गेल्यावर नीट बघाल ना?" त्याने विचारलं.

"डोळ्यांत तेल घालून," ती म्हणाली.

आणि खरंच तिने तसं बघितलं. खुंटी पिळणारी बोटं, तारेवरून अलगद फिरणारा अंगठा. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं.

पण त्यानंतर तो गप्प झाला. व्हिडिओ पाठवला तर नुसतं "छान आहे." थट्टा नाही, भांडण नाही. साइट सुरू झाली की काम संपणार, आणि काम संपलं की त्या दुकानात यायला तिच्याकडे काही निमित्तच उरणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी तिने लॅपटॉप गल्ल्यावर ठेवला. पडद्यावर त्याचे हात संथ हलत होते. त्यांच्यावर सावलीचा पातळ थर, आणि त्यावर दुकानाचं नाव पांढऱ्या अक्षरांत. आत्याबाईंना इतका आनंद झाला की त्या लॅपटॉप घेऊन थेट चष्मेवाल्यांकडे गेल्या. आता दुकानात दोघंच उरली.

"उत्तर 'नाही' असं असेल," तो हळूच म्हणाला, "तर तसं सांगायचं होतंत. मी समजून घेतलं असतं."

"कसलं उत्तर?"

"मी व्हिडिओत बोललो त्याचं."

"आवाज तर मी... सगळ्यात आधी काढून टाकते. न ऐकताच. हाताची सवयच आहे."

"मग मूळ व्हिडिओ?"

"आजच पुसला. दुसऱ्या कामासाठी जागा हवी होती."

इतके दिवस मनाशी कुढत बसलो ते कशापायी, हे कळून त्याला हसू आवरेना. ती मात्र रडकुंडीला आली होती. तिने पिशवीतून कॅमेरा काढला, गल्ल्यावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"बोला. मी बघत नाही. या वेळी आवाज ठेवते."

मग तो म्हणाला, "तू चुकून आत आलीस ना... तेव्हापासून दार वाजलं की मी खुर्ची डावीकडे सरकवतो. तू नसलीस तरी. मला तू आवडतेस. काम संपलं तरी येत राहशील?"

खिडकीतलं ऊन तिच्या डोळ्यांत पाणी होऊन चमकलं. "पुन्हा सांग," ती म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं, खुर्चीपासून 'येत राहशील'पर्यंत, एकही शब्द न गाळता. ती वळली. "येईन," म्हणाली, आणि भरल्या डोळ्यांनी तिने कॅमेऱ्याकडे हात नेला.

कॅमेरा चालू करायला ती साफ विसरली होती.

तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं. त्याने खुर्ची डावीकडे सरकवली, तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "काही बिघडत नाही. मी पुन्हा सांगतो."